ड्रॉवरमधली सवत

३ ऑक्टो.
ड्रॉवर उघडला की आधी तिचं नाव. पळी, झारा, सांडशी, झाडून सगळे चमचे, ठिपक्याठिपक्यांत ‘सौ. मंगला’. बाई जाऊन चार वर्षं झाली. मी वैशाखात आले या घरात, दुसरेपणावर. रोज सकाळी तिच्याच चमच्यानं साखर घालते. त्यात सगळं एकावर एक, हात घातला की सुरी लागते. आज नवऱ्याला, वि.ला, सांगितलं : ड्रॉवरला ट्रे आणते, चमचेही नवे. म्हणाला, “आण.” वाघ आणते म्हटलं असतं तरी ‘आण’च म्हणाला असता.

५ ऑक्टो.
शिलाईच्या टेपनं मापलं, अठरा इंच. स्टीलचा ट्रे आणला. आत जाईना. मी बाहेरच्या फळीचं माप घेतलं होतं. आतून ड्रॉवर साडेसोळाच. मूर्खपणा माझाच. त्यात नेमकी अक्का हजर. वि.ची थोरली बहीण, चाळीसगावहून उगवलेली. कमरेवर हात ठेवून म्हणते, “मंगलानी बठ्ठं बराबर लायेल व्हतं. तिले आवडनं नही.”
मंगलानं सगळं नीट लावलं होतं म्हणे! मेलेल्या माणसाची आवडनिवड हिला बरी कळते.

६ ऑक्टो.
ट्रे बदलून आणला. दुकानदार : “भाभी, माप आतून घ्यायचं असतं.” कळलं, बाबा. हा लाकडी, पट्ट्या सरकवता येतात. त्या स्टीलच्यात काट्यांनाच केवढी जागा! आमच्याकडे काटे दोन, तेही आहेरात आलेले. मधली पट्टी काढून नवी पळी, नवा झारा आडवे बसवले. बारा चमचे एका कप्प्यात. तिचं सगळं पिशवीत, पिशवी माळ्यावर.

८ ऑक्टो.
ड्रॉवर अडकला. ओढायला गेले तर बोट सापडलं, नख काळंनिळं. वि.नं मला पाणी दिलं नाही, अक्काला फोन लावला. तिकडून : “आते तरी टाक करी ले. गळामा घाल.”
लग्नातही हाच हट्ट. दुसरीनं पहिलीचा टाक, तिचं तोंड उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात बांधायचा, म्हणजे ती शांत राहते म्हणे. मी तेव्हाच नाही म्हटलं. वि. म्हणाला होता, “बघू.” जिला कधी पाहिलं नाही तिला गळ्यात घेऊन ऑफिसात जाऊ?

९ ऑक्टो.
सुतार आला. “ताई, चॅनलचा स्क्रू वर आलेला. ट्रेचं काही नाही.” दोन मिनिटांचं काम. आता ड्रॉवर एका बोटानं सरकतो. मुद्दाम अक्काला फोन केला. म्हटलं, स्क्रू होता.
“स्क्रू कोनी ढिला करा?”
ठेवला फोन. हिच्यापुढे डोकं आपटलं तर डोकंच फुटायचं.

१३ ऑक्टो.
ऑफिसातून आले. ड्रॉवरमध्ये परत ‘सौ. मंगला’. माझ्याच ट्रेत, ओळीनं! माझे चमचे कॅरीबॅगेत, ओट्याखाली, केरसुणीजवळ. अक्का येऊन गेलेली. वि. टीव्हीसमोर.
“तुम्ही नुसतं बघत बसलात?”
“बहीण आहे माझी.”
“आणि मी?”
“चल, वाढ आता.”
बाथरूममध्ये जाऊन रडले. दुःखानं नाही, संतापानं. पाच महिने झाले. या घरात माझा म्हणून एक कप्पा नाही.

१४ ऑक्टो.
केरसुणीजवळचे चमचे घेऊन भांड्यांच्या दुकानात.
“नाव काय घालू?”
“सुनंदा.”
“सौ. लावू?”
“नको.”
बाराच्या बारा होईपर्यंत उभी राहिले. बरं वाटलं, उगाच. घरी येऊन परत सगळं माझं आत, तिचं माळ्यावर. शिडी शेजारच्यांकडे नेऊन ठेवली.

१७ ऑक्टो.
ट्रेच्या अरुंद कप्प्यात लाल कागदाची पुडी. उघडली. टाक. चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचं तोंड. अक्काचं काम वाटलं. विचारलं तर नाही. यानंच सोनाराकडून करवून आणला, गुपचूप.
“गळ्यात नको घालूस. तिथं राहू दे. कोणाला दिसतंय?”
मला दिसतंय!
अख्खा ट्रे उपसला आणि टाकासकट सोफ्यावर त्याच्या शेजारी आदळला. म्हटलं, “यात कोण राहणार ते तुम्ही ठरवा. अक्कांना न विचारता. तोवर ड्रॉवर रिकामा.”

१९ ऑक्टो.
ट्रे सोफ्यावरच. शेजारी बसून हा टीव्ही बघतो. मी पेन्सिलीनं चहा ढवळते, पण त्यातला चमचा घेणार नाही. अक्काचे तीन फोन. मी उचलले नाहीत. यानंही नाही.
आज सकाळी दारातून पाहिलं. यानं ट्रेत हात घातला, एक चमचा काढला, उजेडात धरून माझं नाव वाचलं. चहा ढवळला. मग धुतला, पुसला, आणि परत ठेवला. टाकाला अगदी लागून.
ड्रॉवर अजून रिकामा आहे.