पेटीत औषध नसलेलं घर

बाई, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी माझा राग निवायला हवा होता. पण आज नातीनं तो पुन्हा पेटवला. ती आता गावची आशाताई आहे. कर्जतला प्रशिक्षण घेऊन आली आणि मलाच शिकवू लागली, की बरं न होणाऱ्या माणसाची कूस थोड्या थोड्या वेळानं बदलायची, ओठ ओल्या कापसानं पुसायचे, जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची. पुस्तकात चित्रंसुद्धा आहेत. मी म्हटलं, "अगं, ह्ये मला तुझी आई जन्मली न्हवती तवाच येत हुतं." ती हसली. ह्याच कामासाठी मी तुमची बोलणी खाल्ली, हे तिला कसं सांगू?

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुम्ही दर मंगळवारी कर्जतच्या दवाखान्याच्या जीपनं यायच्या, शाळेच्या पडवीत आम्हा सात बायकांना शिकवायच्या. बाळंतपण, खरजेचं मलम, पोरांची वजनं, आणि ही अक्षरंसुद्धा तुमचीच. नाही म्हणत नाही. पण तुमचा एक हट्ट होता: आपल्या पेटीत ज्याचं औषध नाही, त्या घरात बसायचं नाही. आमच्या आळीत एक म्हातारी होती, छातीतली गाठ फुटून जखम झालेली. मोठ्या दवाखान्यातून घरी परत पाठवलेली. वास येतो म्हणून तिची बाज गोठ्यात नेलेली आणि गोधडी ओली होते म्हणून सून तिला पाणीच देत नव्हती. सून दुष्ट नव्हती हो. विहीर लांब, रोज गोधड्या धुवायच्या कुणी? मी सकाळी जाऊन कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं जखम धुवायची, जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवायची, तिला कुशीवर वळवून चमच्यानं पाणी पाजायची. म्हातारी म्हणायची, "तू आलीस की लई बरं वाटतंया बग." तुम्हाला हे कळलं आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला उभं केलंत. "ती बरी होणार आहे का? मग पोरांची वजनं सोडून तिथं काय बसतेस? एवढं शिकवलं ते मोलकरणीचं काम करायला?" मी मान खाली घालून म्हणाले, "आता न्हाई जानार, बाई." काय म्हणावं तुम्हाला! बरं होणार नाही म्हणजे दुखतही नाही, असं कुठल्या पुस्तकात वाचलं होतंत?

पुढं दोन वर्षांनी तुम्हीच अंथरूण धरलंत. पोटातला आजार, डॉक्टरांनी हात टेकलेले. मी कर्जतला तुमच्या खोलीवर भेटायला आले. तुमचे ओठ फाटलेले, पाठ सोललेली. बहिणीनं बाटल्या ओळीनं मांडून ठेवलेल्या आणि ती बिचारी दारात उभी. हात लावला तर दुखेल म्हणून तुम्हाला कुणी वळवतच नव्हतं. तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज पार खोल गेलेला. "त्या म्हातारीला तू काय करायचीस गं? तिला बरं वाटायचं म्हणे."

एवढी हुशार बाई, आणि विचारायला इतका उशीर! मी पदर सावरला आणि शहाण्या विद्यार्थिनीसारखी म्हणाले, "काय न्हाई, बाई. तुमी सांगितल्यापासनं मी गेलेच न्हाई." तुम्ही "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी दुपारच्या एसटीनं परत आले. आठवडाभरानं तुम्ही गेल्याचं कळलं.

हे पत्र पाठवू कुठं? नातीच्या पुस्तकात ठेवीन, कूस बदलायच्या चित्रापाशी. म्हातारीकडे मी तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज जात होते, बाई. त्या दुपारी तुमच्या खोलीत स्टोव्ह होता, हंडाभर पाणी होतं, दाराबाहेर लिंबाचं झाड होतं. मला सगळं येत होतं. मी तुमच्यावर रुसले होते.