चूक टाळण्याचा वर्ग

६ जानेवारी १९३६, सोमवार
आजपासून रोजनिशी. मेडिकल स्कूलने दोन उमेदवार डॉक्टर तीन महिन्यांसाठी माझ्या हाताखाली नंदुरबारला धाडले आहेत. धुळ्याहून मोठ्या साहेबांचे पत्र: पेशंटला आपल्याच हातून इजा होऊ नये, एवढे त्यांना शिकवा. विषय योग्य माणसाकडे आला. अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही. झाल्या त्या कंपाउंडरच्या, औषधांच्या आणि दोनदा खुद्द पेशंटच्या.

८ जानेवारी
एक उमेदवार हिंमतराव. कशालाही 'यस सर' म्हणतो. हुशार आहे. दुसरा भिकन पाटील, इथल्याच धानोऱ्याचा. प्रश्न विचारतो.
पहिले लेक्चर दोन तास चालले. सांगितले की चूक दिसली तर कोणीही, कोणालाही, तिथल्या तिथे बोलावे. मग राउंडला निघालो. भिकनने तिथल्या तिथे सांगितले की मी ज्याची नाडी पाहतोय तो पेशंट नसून पेशंटचा भाऊ आहे. त्याला तासभर व्हरांड्यात उभा केला. बोलण्याचीही काही पद्धत असते.

१३ जानेवारी
नवा नियम. वॉर्डात अहिराणी बंद. 'शे' काय, 'मन्हा' काय, 'करी ऱ्हायना' काय! गोंधळाची भाषा हेच चुकांचे मूळ. यापुढे शुद्ध मराठी किंवा इंग्रजी. भिकन म्हणाला, पेशंटना दोन्ही येत नाहीत. म्हटले, येतील.
मीही तीन वर्षे इथे राहून त्यांची भाषा कानाला लागू दिलेली नाही.

१६ जानेवारी
आणखी एक नियम. ऑपरेशनच्या खोलीत फक्त सर्जन बोलेल. भिकनला शंका, की मग चूक दिसली तर बोलायचे कसे? उत्तर दिले: तो नियम खोलीबाहेरचा.
या लेक्चरांचे पुस्तक करायचे ठरवले. प्रस्तावनेसाठी साहेबांना विचारणार.

२१ जानेवारी
केस मिळाली. कमलबाई, विधवा, मिरचीच्या बाजारात देठ खुडते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. एकाने काहीच दिसत नाही. दुसऱ्याने थोडेफार दिसते, त्यावरच तिचे काम चालते. उद्या न दिसणाऱ्या डोळ्याचे ऑपरेशन. वर्गाला प्रात्यक्षिक होईल: बाजू पेशंटच्या तोंडून वदवून घ्यावी, कागदावर लिहावी, मगच हत्यार उचलावे.

२२ जानेवारी, दुपारी १२
ऑपरेशन उत्तम. सात मिनिटे. बाजू मी स्वतः विचारली. कोणता डोळा, बाई? म्हणाली, जेवना. सकाळपासून उपाशी ठेवलेली, तेव्हा जेवण आठवणारच. पुन्हा विचारले. पुन्हा तेच: जेवना, भाऊ, जेवना. म्हटले, हो हो, देतो. ती निवांत झाली. उजवा म्हणाली नाही, अर्थात डावा. याला तर्क म्हणतात. बॅटरी लावून पाहण्याची गरज उरली नाही.
भिकनने तोंड उघडले. बोटाने गप्प केला. पुन्हा उघडले, तेव्हा बाहेर काढला. हिंमतराव 'यस सर' म्हणाला.

त्याच दिवशी, ४ वाजता
भिकन दाराबाहेरून ओरडत होता ते असे, की या लोकांत 'जेवना' म्हणजे जेवायचा हात, म्हणजे उजवी बाजू. मला तेव्हा ऐकू आले होते. पण चीर देऊन झाली होती. काम अर्धवट सोडणे हीसुद्धा चूकच.

२७ जानेवारी
पट्टी सोडली. डाव्या डोळ्यात पू. डोळा गेला. कारण उघड आहे: मोसमात गावभर मिरचीची धूळ उडते.
बाई विचारते, कधी दिसेल? सांगितले, हळूहळू. वॉर्डात सगळ्यांना सांगत असते की डॉक्टर भला, दोनदा विचारलं त्यानं. मला तिचा राग येऊ लागला आहे.

३० जानेवारी
साहेबांना रिपोर्ट पाठवला. पेशंटने ग्राम्य भाषेमुळे बाजू चुकीची सांगितली. उमेदवार भिकन पाटील याने ऑपरेशनच्या वेळी गोंगाट केला. भिकनला परत पाठवले.
जाण्याआधी तो बाईच्या खाटेपाशी बसून अहिराणीत बराच वेळ बोलला. नियम मोडलाच. बाई रडली नाही. डाव्या डोळ्यावर हात ठेवून बसली. मी त्या बाजूचा राउंड उद्यावर टाकला.

१२ फेब्रुवारी
साहेबांचे उत्तर आले. त्यांनी हिंमतरावला बोलावून विचारले होते, की भिकन म्हणतो ते खरे का? हिंमतराव म्हणाला, यस सर.
यापुढे मी हत्यार हाती धरायचे नाही. नवा सर्जन येईपर्यंत इथली ऑपरेशने बंद. प्रस्तावनेसाठी पाठवलेला लेक्चरांचा कागद मात्र साहेबांना फार पसंत पडला. वर्ग चालू ठेवावा, असे लिहिले आहे. म्हणजे ज्ञानाची कदर आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
वर्ग चालू असताना कमलबाई आली. सून धनुबाईने हाताला धरून आणली. मिरच्या खुडणे बंद झाले आहे. बसल्या बसल्या तिने तोंड माझ्या आवाजाकडे वळवले आणि सावकाश, स्पष्ट म्हणाली, उजवा. पाठ करून आली असावी. उच्चार शुद्ध होता.
सांगितले की ऑपरेशने बंद आहेत. नवा डॉक्टर उन्हाळ्यात येईल, कदाचित पुढेही जाईल. म्हणाली, मी आठेच बठी ऱ्हासू. आणि बाकावरून उठेना. हिंमतराव वहीत पाहत राहिला. मी पुढचा मुद्दा सुरू केला. बाईने बराच वेळ ऐकले. मग विचारले, मंग तू आठे काय करस, भाऊ?
म्हटले, शिकवतो.