विषय क्रमांक सात आणि बाजारातले दुकान

दिनांक ११ मार्च २०२६, बुधवार. आमलापूर, जिल्हा अमरावती. नगर परिषदेची सर्वसाधारण सभा सकाळी साडेअकराला सुरू झाली. विषय क्रमांक सात एक वाजून दहा मिनिटांनी मंजूर झाला. बाजूने चौदा, विरोधात तीन. घरी येऊन वरण-भात केला, अर्धाच खाल्ला गेला. तीन वाजता लिहायला बसले.

मी, माधवी चिंतामण गावंडे, वय त्रेसष्ट, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक, लिहून ठेवते की हे माझे पहिले आणि एकमेव मृत्युपत्र आहे. ते मी कोणाच्या दबावाने, आग्रहाने किंवा भिडेने लिहीत नाही. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कालच्या तारखेचा दाखला सोबत जोडला आहे. आज माझे अक्षर वेडेवाकडे येते आहे. ते आजाराने नाही, आनंदाने. पुढे कोणी सहीवर शंका घेतली तर साक्षीदारांनी हे सांगावे.

घाईचे कारण असे. सोमवारी अमरावतीला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बाजारातले माझे दुकान महिलांच्या स्वच्छतागृहासाठी नगर परिषदेला द्यायचे मी ठरवले आहे आणि ते स्वीकारण्याचा ठराव आज झाला. पण दानपत्राची नोंदणी वरची मान्यता आल्यावरच होईल आणि त्याला चार-पाच महिने लागतील. मधल्या काळात मी गेले तर दुकान वारसांकडे जाईल आणि आजचा ठराव फायलीत राहील. फायलीत राहणे म्हणजे काय, हे माझ्याइतके या गावात कोणाला ठाऊक नसेल.

१. दुकान. मंगळवार बाजाराच्या तोंडाशी असलेले हे दुकान माझे वडील रामराव यांनी बक्षीसपत्राने मला दिले. ते तिथे शिलाई मशीन दुरुस्त करीत. माझ्या पश्चात हे दुकान, मागच्या मोकळ्या जागेसह, नगर परिषदेला महिलांच्या स्वच्छतागृहासाठी द्यावे. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी नाही. वाचनालय, गाळे, कार्यालय, काहीही चांगले सुचले तरी नाही.

याचा खुलासा करणे भाग आहे. माझी थोरली जाऊ तारा हिने वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून या बाजारात शेतातला भाजीपाला विकला. भल्या सकाळी बैलबंडीने यायची, दिवे लागायच्या सुमारास परतायची. बाजारात बायकांना जायला जागा नाही, म्हणून सोमवारी रात्रीपासूनच ती पाणी बंद करीत असे. सगळ्याच करीत. सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, दिवसभर पाणी शिंपडायची, स्वतः घोट घ्यायची नाही. गेल्या ऑगस्टमध्ये ती मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. मी डॉक्टर नाही. कारणे अनेक असतील. मला दिसले ते लिहिले.

ताराने नगर परिषदेकडे अकरा अर्ज केले. सातवी शिकलेली होती, अर्ज स्वतः लिहायची. ते मीच नोंदवून घेतले, मीच आवक क्रमांक टाकला. अकराही वेळा वरून आलेले उत्तर मीच माझ्या हाताने लिहून पाठवले: “विषयांकित कामासाठी बाजार परिसरात जागा उपलब्ध नाही.” माझे स्वतःचे दुकान त्याच बाजारात होते. ते मला माहीत होते. पण ती जागा आहे, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही सुचले नाही. नगर परिषदेची जागा म्हणजे नगर परिषदेच्या नोंदवहीत असेल ती, एवढेच मी धरून चालले होते.

ताराने याबद्दल मला कधी दोष दिला नाही. एकदाच, पाचव्या की सहाव्या उत्तरानंतर, ओट्यावर शेंगा सोलताना म्हणाली, “माधवे, तुहं अक्षर लय सुंदर हाय वं. ‘नाही’ बी कसं शोभून दिसते!” आणि हसली. मीही हसले. तेराव्याच्या दिवशी तिच्या पेटीत लुगड्यांखाली अकराही उत्तरे घडी करून ठेवलेली सापडली. ती आता माझ्याजवळ आहेत. माझ्या पश्चात ती स्वच्छतागृहाच्या फायलीला पहिल्या पानापासून जोडावीत.

२. अटी. दाराला आतून कडी हवी, आणि ती लागणारी हवी. पाणी नळाचे नाही, दोन हजार लिटरच्या टाकीचे, कारण नळ मंगळवारी येईलच असे नाही. दिवा. लेकराला पाजायला बाक. बाजाराच्या दिवशी पहिली बंडी येईल तेव्हा उघडावे आणि शेवटची बंडी गेल्यावरच बंद करावे. भाजीवाल्या बायकांकडून काहीही घेऊ नये. किल्ली कार्यालयात ठेवू नये. मी तिथे होते, किल्ल्यांचे काय होते ते मला माहीत आहे.

३. बँकेतील माझी मुदत ठेव सफाई करणाऱ्या बाईच्या पगारासाठी राखून ठेवावी. बाई म्हणजे बाईच.

४. राहते घर. हे घर पुतण्या श्याम आणि पुतणी प्रणाली, दोघेही ताराची मुले, यांना समसमान. श्यामला दुकान हवे होते, हे मी लपवत नाही. तिथे मोबाईल दुरुस्तीचे काम टाकायचे त्याच्या मनात होते आणि ते गैर नव्हते. जानेवारीत मी त्याला माझा विचार सांगितला, ताराचे नाव दारावर लावू म्हणाले, तेव्हा तो उभाच राहिला.

“काकू, माह्या मायच्या नावानं संडास बांधून राहिल्या तुमी? लोकं हासतीन मले.”

मी म्हणाले, “तुझ्या आईने अकरा अर्ज केले, श्याम.”

“त्या अर्जाले ‘नाही’ कोनं लिहिलं?”

त्याने चहा तसाच ठेवला आणि गेला. जाताना दारातून म्हणाला, “बांधा. पन नाव नका लावू.”

म्हणून लिहून ठेवते: श्यामची लेखी संमती असल्याशिवाय ताराचे नाव त्या इमारतीवर कोठेही लावू नये. माझे नाव तर कधीच लावू नये. मुलाला आईच्या नावाची लाज वाटत नव्हती, तिच्या नावावर कोणी हसू नये एवढेच त्याला हवे होते, हे मला उशिरा समजले.

५. हत्यारे. वडिलांचे पेचकस, पाने, तेलाची कुपी आणि सुयांचा डबा प्रणालीला. ती ब्लाऊज शिवते आणि मशीन बिघडली की अकोल्याला धाडते. तिने स्वतः उघडून पाहावे. उघडल्याने मशीन मरत नाही.

६. खुशालराव. खुशालराव यांनी माझ्या दुकानात बावीस वर्षे कांद्याचे गोदाम ठेवले, जानेवारीअखेर कुरकुर न करता रिकामे केले, त्याबद्दल आभार. परंतु आज सभेत, समोरच्या आपल्या नव्या दुकानाच्या वतीने, त्यांनी लेखी हरकत दिली की बाजाराला वास येईल आणि गिऱ्हाईक तुटेल. नगराध्यक्षांनी त्यांना बोलू दिले. ते म्हणाले, “इतके वर्स काही अडलं नाही, आताच काहून अडून राहिलं?”

प्रभाग चारच्या नगरसेविका संध्याताई उठल्या. “तुमचं कसं अडन, खुशालभाऊ? तुमाले तं गावातल्या साऱ्या भिंती हायेत!”

सभागृह हसले. खुशालरावही हसले. संध्याताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मी बारा वर्स त्या बाजारात टमाटे विकले. कोन किती पानी पेते, मले इचारा.” त्यानंतर कोणी हसले नाही आणि मतदान झाले. त्या सभागृहात मी चौतीस वर्षे कागद पोचवले, पण बसले कधी नव्हते. आज मागच्या बाकावर बसून हात वर जाताना मोजले. आठवा हात गेला, बहुमताचा नववा गेला, तेव्हा मी उभी राहिले होते. शिपायाने “बाई, बसा” म्हटले तेव्हा कळले.

खुशालरावांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्या पत्नीने पहिल्याच मंगळवारी यावे.

७. श्यामविषयी आणखी थोडे. तो आज आला होता. दाराशी उभा होता, आत बसला नाही. सभा सुटल्यावर पायऱ्यांवर माझ्याजवळ आला आणि वर न बघता विचारले, “काकू, टाकी किती लिटरची बसवून राहिले?” मी म्हणाले, हजाराची. म्हणाला, “हजारानं काय होते? मंगळवारी दीड-दोनशे बाया येतात. दोन हजाराची सांगा.” तेव्हा कलम २ मध्ये आधी सवयीने हजार लिहिले होते, ते खोडून दोन हजार केले.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रणालीने करावी. सोमवारनंतर मी परत आले तर दानपत्र मी स्वतः नोंदवीन आणि कलम १ ची गरज उरणार नाही. परत यायची मला फार इच्छा आहे. इतकी इच्छा मला बऱ्याच वर्षांत कशाची झाली नव्हती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, खाडाखोड एकच आहे (हजारचे दोन हजार), तिथे सही केली आहे.

माधवी चिंतामण गावंडे

आमच्यासमोर सही केली. अक्षर वेडेवाकडे आहे, कारण त्यांनी लिहिले तेच.
साक्षीदार:
१. साधना वसंत पाचघरे, सेवानिवृत्त शिक्षिका
२. चंद्रभान महादेव इंगळे, सेवानिवृत्त शिपाई, नगर परिषद

आमलापूर, दि. ११ मार्च २०२६, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे

(मागील कोऱ्या बाजूवर. हा भाग मृत्युपत्रात धरू नये.)

साक्षीदार चहा घेऊन गेले. उद्या दहा वाजता अभियंता माप घ्यायला येणार आहेत. दुकानात कांद्याची टरफले आणि पोत्यांच्या सुतळ्या तशाच पडून होत्या. मी तिथे जाऊन कुलूप उघडले, शटर अर्धे वर केले, पदर खोचला आणि मागच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडून घेतले.