फाटकाशी उभा राहिलेला साहेब

रत्नागिरी,
मंगळवार

तीर्थस्वरूप राजश्रीमामीस शार्दूलचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामांचा खोकला गेला का? केळशीत तुमच्या फोनला रेंज मिळत नाही आणि मिळाली की तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे आप्पा खुशाल आहेत. (मी एस.वाय.ला कॉलेज सोडलं हे त्यांना अजून पचलेलं नाही, पण जेवण पचतं आहे.) मी मात्र प्रेम या प्रकारातून कायमचा निवृत्त झालो आहे आणि याला जबाबदार तुम्ही आहात.

तुमची बी.ए.ची वही मी मागून आणली होती ती अक्षयासाठी. अक्षया म्हणजे मिरकरवाड्यातली, एम.ए. इंग्रजीची. तिने मला हो म्हणावं, यापलीकडे वर्षभर मला दुसरा उद्योग नाही. तिला निबंध लिहायचा होता त्या जाड्या जुन्या इंग्रजी कादंबरीवर, जिच्यात साहेब तीन दिवस कडाक्याच्या थंडीत बाईच्या फाटकाशी उभा राहतो आणि चौथ्या दिवशी ती हो म्हणते. कादंबरी सहाशे पानांची, म्हणून मी तुमची वहीच वाचली. तीत तुमच्या टपोऱ्या अक्षरात होतं की नायक हा निस्सीम प्रेमाचं प्रतीक आहे. मला तेवढं पुरे झालं. मागच्या सोमवारी सकाळीच जाऊन तिच्या दाराशी उभा राहिलो.

तिची आई गंगुबाई बंदरावर मासळी विकते. तिने मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, उभाच हायस तर ही बर्फाची पाटी उचल." मामी, तीन दिवस मी बर्फ वाहिला! साहेब नुसता उभा होता, त्याच्या डोक्यावर कुणी काही दिलं नव्हतं. (वास साबणाने जात नाही. आप्पांना वाटतं, मी आंब्याच्या कलमांना कसलंसं नवीन खत घालतो आहे.)

चौथ्या दिवशी अक्षया बाहेर आली. मी वहीतलं वाक्य म्हणून दाखवलं. ती पायरीवर बसली आणि तिने मला या साहेबाबद्दलची टीकाकारांची शंभर वर्षांची मतं ऐकवली. आधी सगळे म्हणत, थोर प्रेमिक. मग म्हणू लागले, हा तिच्यावर नाही, स्वतःच्या उभं राहण्यावर खूश आहे. मग कुणी विचारलं, कामाला न जाता याचं भागतं कसं? तर परमुलुखातल्या उसाच्या मळ्यांवर, गुलामांच्या जिवावर. मग बायका लिहू लागल्या आणि म्हणाल्या, फाटक एकच, त्यात हा उभा, ती बाहेर पडणार कुठून? कंटाळून हो म्हणाली. (अगदी ताजं मत असं की कादंबरीचं मुख्य पात्र फाटकच आहे.) माझं डोकं फिरलं. म्हटलं, "स्वतःवर खूश म्हणणाऱ्या त्या शहाण्याचा पत्ता दे, बघतोच!" ती म्हणाली, "वारला तो. पन्नास वर्षं झाली." मग हळूच म्हणाली, "शार्दूल, तीन दिवस मी मागच्या दाराने कॉलेजला जातेय. तुला कळलं तरी का?"

मामी, मला नव्हतं कळलं. मी दाराकडेच बघत होतो.

घरी येऊन रागाने ती सहाशे पानं वाचायला घेतली. आज दोनशेव्या पानावर आहे. साहेब खरंच डोक्यात जातो. तेव्हा विषय मिटला, प्रेम संपलं. मामांना नमस्कार.

तुमचा लाडका (अजून असेन तर),
शार्दूल

ता.क. १ : वही अक्षयाने ठेवून घेतली आहे. तुमच्या वेळी ही कादंबरी कशी शिकवत, ते तिला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. पुढच्या रविवारी ती एस.टी.ने केळशीला येते आहे.

ता.क. २ : पत्र खरं यासाठीच. निघताना ती एवढंच म्हणाली, "तुला यायचं असेल तर ये." मामी, याचा अर्थ काय? माझा मित्र दीपक म्हणतो, हा सभ्य नकार आहे. गंगुबाई म्हणते, पिशवी उचलायला माणूस हवा असेल. माझं स्वतःचं मत सकाळपासून चार वेळा बदललं. तुम्ही पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत, वाटल्यास गच्चीवर जाऊन फोन करा, पण रविवारच्या आत कळवा.

ता.क. ३ : अर्थ कसाही निघो, मी येतो आहे. तिच्यादेखत मला बाळ्या म्हणू नका.