टोपलीच्या तळातली मूठ

मंगळवार, १९ मार्च

प्रिय धाकटे,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी काल दुपारी फोनवर सांगितलं आणि आज सकाळी कागद हातात आला. मोड खराब होतात ते माझ्या टोपलीमुळे. पाणी चांगलं आहे, बी चांगलं आहे, तुझ्या काचेच्या बरण्याही स्वच्छ निघाल्या.

तू जाऊन चार महिने झाले. गेल्या पंधरवड्यात टोपली पुन्हा आंबली, बुळबुळीत झाली. माल बाहेर जायच्या आधी तुझ्या वहिनीला वास आला म्हणून वाचलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कुणाचं नाव घेणार? धाकटी तर इथे नाही." मग मीच नमुने तपासायला दिले.

नव्या मुगाखाली जुन्या मोडांची एक मूठ ठेवायची, म्हणजे लवकर फुटतात, ही बाबांची रीत. तू हसायचीस, "दादा, हे काय दही आहे, विरजण लावायला?" मी म्हणायचो, चार बुकं शिकलीस म्हणून बाबांना शिकवू नकोस. त्या मुठीतूनच घाण एका खेपेतून दुसऱ्या खेपेत जात होती.

आता मूठ बंद. टोपली जाळली. फुटके दाणे आधीच निवडून काढतो, भिजवलेलं पाणी ओतून देतो, बरणी पाऊणही भरत नाही. दिवसातून तीनदा धुतो आणि पूर्ण निथळू देतो. मी आयुष्यभर धुण्यावर जोर दिला, निथळायला कधी वेळ दिला नाही. परवा मुळ्याच्या मोडांवर पांढरी लव दिसली, तर सगळं फेकायला निघालो होतो. वहिनीने हात धरला. "धाकटी काय सांगायची? धुऊन बघा. गेली तर मुळांची, राहिली तर बुरशी." धुतल्यावर गेली.

हे सगळं लिहितोय आणि मुद्द्यावर येत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

वृद्धाश्रमातल्या सहा जणांची पोटं बिघडली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या प्रमुखबाईंनी मला विचारलं होतं, "हा माल कुणी केला?" मी म्हणालो, "बहिणीने. तिच्या बरण्यांतला." धाकटे, तुझ्या बरण्या त्या सकाळी फळीवरच होत्या. त्यांतल्या मुगांना अजून धड मोडही आले नव्हते. माल टोपलीतला होता. बोलताना मला ते माहीत होतं.

मला वाटलं, तुझ्यावर थोडं रागावतील आणि विसरतील. त्यांच्या स्वयंपाकघरात तुला कायम घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते माझ्या एका वाक्याने मोडलं. तू सामान बांधलंस. मी तुला स्टँडवर सोडायला आलो, आणि तिथेही "जपून जा" एवढंच म्हणालो.

ते सहाही जण बरे आहेत, हे माझं नशीब. माझी चूक त्याने लहान होत नाही.

आज दुपारी कागद घेऊन मी स्वतः प्रमुखबाईंकडे गेलो. जे तुला लिहिलं तेच त्यांना सांगितलं, लिहून सही करून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "चार महिने लागले तुम्हाला?" आपल्याकडचा माल त्यांनी आजपासून थांबवला आहे. शुक्रवारी त्या जागा बघायला येतील आणि पुढे घ्यायचा की नाही ते ठरवतील. बहुधा नाही म्हणतील.

त्याआधी, गुरुवारी सकाळी, त्या तुला फोन करणार आहेत. कामाबद्दल काय बोलतील ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांचा फोन घे. माझा घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझ्या नावाआड लपलेला,
दादा