शंभरातले एकाहत्तर

३ एप्रिल, गुरुवार

मंगळवारी सकाळी सुतारकामाचं दुकान बंद ठेवलं, रविवारचा काळा कोट घातला आणि राजधानीच्या विद्यापीठात गेलो. पुढे डॉक्टर व्हायचंय अशा नव्या विद्यार्थ्यांची सभा होती. दारातल्या मुलीने माझ्या कोटावर ‘पालक’ असा बिल्ला लावला. "मुलगा की मुलगी?" म्हणाली. मी म्हटलं, "मीच." ती इतकी गोंधळली की बिल्ला मलाच काढावा लागला.

वय अठ्ठेचाळीस. शाळा गावातली, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीची — एक खोली, एक शिक्षिका, दहावीपर्यंत. चव्वेचाळिसाव्या वर्षी बारावीची परीक्षा दिली, मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यास, दुकान सांभाळून. आता दोन विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षाला जागा दिली आहे : राजधानीचं आणि नदीकाठचं. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे आमच्या अख्ख्या काउंटीपेक्षा जास्त माणसं. एक मेपर्यंत एकाला हो म्हणायचं आहे.

सभेत प्रेंटिस बाईंनी पडद्यावर आकडा दाखवला. भावी डॉक्टरांना सल्ला देणं हेच त्यांचं काम. इथून अर्ज करणाऱ्या शंभरातल्या एकाहत्तरांना वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळतो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

५ एप्रिल

क्लेटन दुकानात आला. थोरला भाऊ, वर मंडळीचा डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी. अर्धवट कपाटावर बसला.

"म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टर. पहिला पेशंट मीच असणार."

"तुला रांगेत उभं करणार नाही."

"विद्यापीठाने माणूस फुगतो रे. मग त्याला आपल्या बाकावर जागा पुरत नाही."

मी रंधा खाली ठेवला. म्हटलं, "बावीस वर्षं अॅम्ब्युलन्सवर आहे. गावातला डॉक्टर गेल्यापासून दवाखाना चाळीस मैलांवर. आपली बहीण ऑर्फा वाटेतच गेली, माझ्या हातात. त्या दिवशी फुगलेला डॉक्टरही चालला असता."

तो जाताना दारातून म्हणाला, "जायचंच तर राजधानीला जा. शंभरातले एकाहत्तर म्हणजे चेष्टा नाही." एवढ्यात आकडा त्याला पाठ!

६ एप्रिल, रविवार

उपासनेनंतर तिघांनी विद्यापीठाबद्दल विचारलं. बाकीच्यांनी बीटच्या लोणच्याची चौकशी केली.

९ एप्रिल

बायकोला, वेर्डाला, घेऊन नदीकाठी जाऊन आलो. सेंद्रिय रसायनाचा वर्ग चारशे जणांचा. पायऱ्यांवरही मुलं बसलेली. शिकवणारे हलाश सर तासानंतर भेटले, बाहीला खडू लागलेला.

"तुमचा आकडा किती?" मी विचारलं.

"कसला आकडा? इथे ज्याला अर्ज करायचा तो करतो. बरेच आपटतात. शिफारसपत्र हवं तर माझ्याकडे या. अभ्यास मात्र दिसला पाहिजे."

वेर्डा गाडीत म्हणाली, "एवढ्या गर्दीत तुला कोण ओळखणार?" तिला राजधानी आवडते. तिची बहीण तिथे राहते, वरची खोली रिकामी आहे.

१५ एप्रिल

राजधानीत मुलाखत. तिथे वैद्यकीय कॉलेजच्या अर्जाला विद्यापीठाच्या समितीचं पत्र जोडतात. माझ्या वयाच्यांना समिती आधीच भेटायला बोलावते, बाकीच्यांना अर्जाच्या वर्षी. तीन माणसं, मधे प्रेंटिस बाई. प्रश्न : "इतरांत नाही असं तुमच्यात काय आहे?"

म्हटलं, "तसं काही नाही. अॅम्ब्युलन्सवर माझ्याहून चांगली माणसं आहेत. मी योग्य आहे असं म्हणवत नाही, पण कुणीतरी करायला हवं."

आमच्यात असंच बोलतात. उपदेशाला उभा राहिलेला माणूस आधी आपण किती अपात्र आहोत ते सांगतो. न सांगितलं तर म्हातारे एकमेकांकडे बघतात. ते खरं कुणी धरत नाही. बाईंनी धरलं. शब्दन् शब्द लिहून घेतला.

"प्रामाणिक आहात. नर्सिंगचा विचार केलाय?" आणि एक माहितीपत्रक दिलं.

उठताना विचारलं, "ते शंभर म्हणजे कोणते शंभर?"

"ज्यांना आम्ही पत्र देतो ते."

"आणि बाकीचे?"

"त्यांना आम्ही वेळीच दुसरी वाट सुचवतो."

बाहेर बाकावर विशीतली एक मुलगी डोळे पुसत होती. मांडीवर तेच माहितीपत्रक.

१६ एप्रिल

वेर्डा नूडल्स कापत होती. सगळं सांगितलं. सुरी थांबली.

"गाडीत बाळंतपणं किती केलीस?"

"सात."

"जगली किती?"

"सातही."

"कॉलेजात रसायनात कितवा आलास?"

"पहिला."

"आणि त्यांना म्हणालास, तसं काही नाही. याला काय म्हणायचं?"

"नम्रता."

"खोटं बोलणं म्हणायचं. नूडल्सला पाणी ठेव."

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

उपास. बराच वेळ गुडघ्यांवर होतो. देवापुढे ‘मी अपात्र’ म्हणणं खरं आहे. त्या टेबलापुढे नव्हतं. ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्या दारात जाऊन ते कबूल करायचं, हेही आमच्यातच शिकवतात.

२२ एप्रिल

गेलो. बाईंना म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो." त्या दचकल्या, त्यांना वाटलं गुणपत्रिकेत काही घोळ आहे. उभ्यानेच सांगितलं. सात बाळं. पहिला नंबर. बंद पडलेली अकरा हृदयं हाताने दाबली, त्यातली चार माणसं आज गावात हिंडतात. रक्त बघून बाकीचे ओरडतात तेव्हा माझा आवाज खाली येतो, हे मला माहीत आहे. या कामाला मी चांगला आहे.

कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो. थांबलो नाही.

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आमच्यात सांगत नाहीत."

बाई मोकळ्या हसल्या. समितीशी बोलते म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मेल आली : पत्र नक्की. शेवटी स्वतः एक ओळ घातलेली — ‘तुम्ही एकाहत्तरांत असाल.’

२३ एप्रिल

क्लेटन रुबार्ब-पाय घेऊन आला, आंबटगोड सारणाचा केकच तो. "डीकन मी, पण पत्र तुला," म्हणाला आणि अर्धा स्वतःच खाल्ला. वेर्डाने बहिणीला फोन केला. वरच्या खोलीचे पडदे धुवायला पडले म्हणे. मी उठून दुकानात रंधा मारत बसलो. त्यांना वाटलं, आनंदाने.

२९ एप्रिल

सकाळी प्रार्थना करून उठलो आणि राजधानीची जागा सोडली. लगेच प्रेंटिस बाईंचा फोन : "चूक करताय. का?" म्हटलं, "बाई, दोन्ही दिवशी तुमच्यासमोर मीच होतो. एकदा वगळलंत, एकदा घेतलंत. त्या बाकावरच्या मुलीला तर दुसरा दिवस मिळालाच नाही. मला पाडायचंच असेल तर रसायनाने पाडावं."

नदीकाठी नाव घातलं. वेर्डा शेजारी उभी होती. अठरा ऑगस्ट, सकाळी आठ, रसायनाचा पहिला तास. चारशेंत एक.