शीळ थांबल्यावर

रविवार, २ नोव्हेंबर

आज स्वतःच्या घरात बसून लिहितोय. स्वतःच्या! दुसऱ्याच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात ग्रीस पुसण्यात उमेदीची वर्षं गेली, मग स्वतःचं दुकान टाकलं, भाड्याच्या खोल्यांमागून खोल्या बदलल्या. आता या गावात दुकानाची दुसरी शाखा आणि डोक्यावर हक्काचं छप्पर. ही सकाळपासून एकेका खोलीत जाऊन नुसती उभी राहते आणि परत येते. विचारलं तर म्हणते, काही नाही हो, बघत होते. ठकू, म्हणजे आमची अकरा वर्षांची लेक, उगाचच जिना चढते-उतरते, कारण आजवरच्या एकाही बिऱ्हाडाला जिना नव्हता.

घर जुन्या मालकाच्या सामानासकट मिळालं. म्हातारा एकटाच राहायचा, काही महिन्यांपूर्वी वारला, आणि त्याच्या पुतण्याला इथलं काहीच नको होतं. मागच्या खोलीत एक लांबलचक काचेची पेटी आहे. पेटीत म्हाताऱ्याने पाळलेला साप. अजगराच्या जातीतला, आखूड, जाडसर, काळपट अंगावर पिवळट ठिपके, बिनविषारी. इतके दिवस शेजारच्या काकू त्याला चिमट्याने उंदीर द्यायच्या, तेही तोंड फिरवून. पुतण्या म्हणाला होता, नको असेल तर सांगा, कुणीतरी घेऊन जाईल. पण ठकूने पेटीला नाक लावलं ते काढलंच नाही. तेव्हाच ओळखलं, पाहुणे मुक्कामाला राहिले.

हिने त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. म्हणते, पंधरवड्यातून एकदा जेवण, तेही आयतं तोंडाशी. अंथरूण कायम गरम. आणि घरातल्या माणसांशी अवाक्षर बोलायचं नाही. जावई नाही तर काय!

शनिवार, ८ नोव्हेंबर

जावईबापूंनी उंदीर नाकारला. ठकूने फ्रीझरमधला गोठलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ करून, पुसून, शेपटी धरून नाचवून दाखवला. त्यांनी मान फिरवली. ही म्हणाली, रुसलेत, मानपानात काही कमी पडलं असेल.

मला मात्र दुसरंच काही ऐकू आलं. माझे कान हेच माझं भांडवल आहे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतं तोवर त्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय की आत खडा अडकलाय, हे मी सांगतो. पेटीजवळून जाताना बारीक शीळ ऐकू आली. श्वास घेताना एक सूर, सोडताना दुसरा. दुकानातला लांब पेचकस आणला, टोक काचेला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला. धंद्यातली जुनी रीत आहे ही, आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. चुकलो नव्हतो. शिवाय आवाज ओला होता. गळक्या झडपेतून पाण्यासोबत हवा आली की येतो तसा.

मग नीट बघितलं. तोंड किंचित उघडं, नाकपुडीवर बुडबुडा. मान वर करून, हनुवटी काचेला टेकवून बसलेला. कात निघाली होती तीही तुकड्यातुकड्यांनी, आणि एका डोळ्यावर जुन्या कातीची चकती तशीच चिकटलेली. पेटीखालची तापणारी पट्टी हाताला गार लागली. वायर जळालीय. एवढ्या थंडीत बिचारा किती दिवस असा होता, कोण जाणे.

सोमवार, १० नोव्हेंबर

पट्टी मी परवाच बदलली. आज सापांची डॉक्टरीण आली. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. मला म्हणाली, कानाने पकडलंत म्हणून वाचला, बाकीचे लोक मेल्यावर फोन करतात. छातीत संसर्ग झालाय. सापाला आपल्यासारखं खोकता येत नाही, त्यामुळे साचलेलं बाहेर पडत नाही. त्याचं फुप्फुस म्हणजे एक लांब पिशवी, पार अर्ध्या अंगापर्यंत. म्हणून तो मान उंचावून बसतो, तेवढीच हवा मिळते.

इंजेक्शनं एक दिवसाआड, अंगाच्या पुढच्या भागात. कशी टोचायची ते मला शिकवलं. पेटीची एक बाजू गरम ठेवायची. डोळ्यावरची चकती नखाने ओढायची नाही, ओलाव्याने पुढच्या कातीबरोबर सुटेल. बरा होईपर्यंत अंगाखांद्यावर घ्यायचा नाही, शिवलं तर हात धुवायचे. आणि हे तिने दारात थांबून पुन्हा बजावलं: शीळ थांबली तरी इंजेक्शनं थांबवायची नाहीत. आवाज जातो, आजार आतच असतो.

ठकू रडली नाही. फक्त विचारलं, बाबा, तुम्ही दुरुस्त कराल ना त्याला? म्हटलं, आजवर माझ्या हातून कुठला पंप दुरुस्त न होता परत गेलाय का?

शनिवार, १५ नोव्हेंबर

शीळ थांबली! सकाळी पेचकस लावला तर आत चिडीचूप. चांगला पंप बोलत नाही. तोंड मिटलेलं, बुडबुडा गायब, मान खाली, छान वेटोळं. इंजेक्शनं अजून उरली होती. पण ठकूच्या डोळ्यांसमोर त्याला पुन्हा टोचायला माझा हात धजेना. आणि खरं म्हणजे, आवाज गेला की दोष गेला, यावरच माझं दुकान उभं आहे. चांगल्या चाललेल्या मशीनला कशाला पान्हा लावायचा?

दुरुस्त झालेला माल गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, हाही धंद्याचा नियम. जावईबापूंना उचललं आणि ठकूच्या गळ्यात घातलं. त्याने डोकं तिच्या कानामागे खुपसलं. दिवसभर दोघं जिन्यावर बसून होती. ही म्हणाली, अहो, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या ना? म्हटलं, डॉक्टर असंच म्हणतात, त्यांचाही धंदा आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई न सांगता आली. इंजेक्शनं चालू आहेत का, ते बघायला. ठकूच्या मांडीवरून साप उचलला आणि बाईचा चेहरा बदलला. मला मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. म्हणाली, हा मेलाय.

म्हटलं, आत्ता?

नाही, म्हणाली. पोटाखालचे खवले बघा, हिरवे पडलेत. वास बघा. दोन दिवस तरी झाले असतील, जास्तच.

मी तिला सांगितलं की काल संध्याकाळी तो ठकूच्या गळ्याभोवती सरकत होता. मी स्वतः पाहिलं. हिने पाहिलं.  डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, मूल हलतं, त्याच्याबरोबर साप हलल्यासारखा वाटतो.

साप तिने कापडात गुंडाळून नेला. ठकूला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, तो गेला नाही. असं म्हणताना तिने हात कानामागे नेला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठकूला सर्दी. जेवली नाही. चुलीजवळून उठत नाही. ही म्हणते, दुःख आहे पोरीला, आणि या घरात गारठाही आहे.

मी चहा पीत बसलो होतो. ती माझ्यासमोर. आणि मला शीळ ऐकू आली. घेताना एक सूर. सोडताना दुसरा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले. नळी पुढून लावली, पाठीवर लावली, मोठा श्वास घे म्हणाले. साधं सिरप दिलं. मी म्हटलं, तुम्हाला शीळ ऐकू येत नाही? ते हसले, म्हणाले, साहेब, तुम्ही मोटारी बघा, माणसं आम्ही बघतो.

घरी आल्यावर ठकूला गादीवर आडवं केलं आणि पेचकस तिच्या फ्रॉकवरून हळूच टेकवला. छातीवर काही नाही. बरगड्यांखाली काही नाही. मग खाली सरकवला. बेंबीच्या खाली, कमरेशी, तिथे होती. ओली. माणसाचं फुप्फुस तिथपर्यंत जात नाही.

ही दारात उभी होती. म्हणाली, अहो, हे काय करताय पोरीला?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईला फोन केला. विचारलं, हे माणसाला होतं का? नाही म्हणाली. हे तरी नाही. हात धुवा, पोरीला मोठ्या दवाखान्यात दाखवा, आणि तुम्ही जरा झोप काढा.

ठकू मान वर करून बसते. हनुवटी खिडकीच्या काचेला टेकवते. तोंड थोडं उघडं. हाक मारली की डोळे तेवढे फिरतात, मान नाही. उजव्या डोळ्यावर दुधाळ पडदा. ही ओल्या फडक्याने पुसायला गेली. मी ओरडलो. ओढू नकोस म्हणालो. का, ते सांगता आलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेजारच्या काकू काही खायचं घेऊन आल्या. ठकू वरच्या खोलीत होती, तरी जिन्याशी येताच काकू थबकल्या. हातातलं भांडं तसंच. म्हणाल्या, हा आवाज अजून या घरात आहे?

मी त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, बोला.

म्हातारा शेवटी असाच वाजायचा म्हणे, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग एके दिवशी आवाज थांबला. काकूंना बरं वाटलं, औषध लागू पडलं म्हणायच्या. दोन दिवस तो खिडकीत बसलेला दिसायचा, काकू हात हलवायच्या, तोही हलवायचा. तिसऱ्या दिवशी पुतण्या आला तेव्हा— तेव्हा दवाखान्यातले म्हणाले, हा माणूस दोन दिवसांपूर्वीच गेलाय. साप गळ्यात होता. आणि शीळ, काकू म्हणाल्या, तेव्हापासून साप घालायला लागला.

हिने सगळं ऐकलं.  वर गेली आणि ठकूला कुशीत घेऊन बसली.

रविवार, २३ नोव्हेंबर

म्हाताऱ्याकडून सापाकडे. सापाकडून— मी स्वतःच्या हाताने घातला तिच्या गळ्यात. डॉक्टरीणबाईने दारात थांबून बजावलं होतं.

आता एवढंच कळतंय. शीळ आहे तोवर ठकू आहे. शीळ थांबता कामा नये. आयुष्यभर आवाज बंद करायचे पैसे घेतले, आणि आता देवापुढे बसलोय, हा एक आवाज चालू राहू दे म्हणून.

मोठ्या दवाखान्यात उद्या बोलावलंय. गाडी सांगून ठेवली. हिला सांगितलं, तिला गळ्याशी घेऊ नकोस. ही म्हणाली, माझी पोर आहे ती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळ. शीळ चालू. बरं वाटलं— असं लिहावं लागतंय.

ठकू माझ्याजवळ आली. आपणहून. किती दिवसांनी. मांडीवर बसली, डोकं माझ्या कानामागे टेकवलं. दूर करायला हवं होतं. नाही केलं. लेक आहे माझी. अंग गार होतं. म्हणाली, बाबा, तुम्ही गरम आहात.

—

गाडी अजून नाही. दुपार होत आली. ही ठकूला वर घेऊन गेली, स्वेटर घालायला. मी खाली, सामानापाशी. लिहितोय, कारण लिहिलं नाही तर कान—

ही वरून हाक मारतेय. आवाजात केवढा आनंद. अहो, ऐकलंत का, थांबली! शीळ पूर्ण थांबली हो! हसतेय बघा माझी बाय, हात हलवतेय तुम्हाला—

नाही

वर जायला हवं. उठतोय. पण शीळ तर चालूच आहे. मला स्वच्छ ऐकू येतेय. वरून नाही. अगदी जवळून. वही खाली ठेवली तरी— दार लावलं तरी— घेताना एक सूर. सोडताना—

मी श्वास धरला. थांबली.

सोडला आणि